वायफायवरून फाइल अपलोड रखडते किंवा अर्ध्यावर तुटते तेव्हा: दोष शोधण्याचा क्रम

वायफायवरून मोठी फाइल अपलोड करताना ती रखडली की बहुतेकांचा हात पहिल्यांदा राउटरच्या बटणाकडे जातो. राउटर बंद-चालू केला जातो, ब्राउझरचा कॅशे पुसला जातो, व्हीपीएन काढले जाते आणि अँटीव्हायरसही थांबवला जातो. हे सारे एका दमात उरकल्यावर फाइल गेलीच, तर ती कशामुळे गेली हे कळत नाही. गेली नाही, तर दोषाच्या ज्या खुणा हाती लागू शकल्या असत्या त्याही नाहीशा झालेल्या असतात. मग दोन दिवसांनी तेच दुखणे परत येते.

आपल्या डिस्कवरून निघालेली फाइल चार दुवे ओलांडून मुक्कामी पोहोचते: आपले उपकरण, उपकरणापासून राउटरपर्यंतचा हवेतला मार्ग, राउटरपासून पुढची इंटरनेट लाइन आणि शेवटी समोरचा सर्व्हर. यांपैकी कोणता दुवा ढिला आहे हे ठरवणे हेच खरे काम आहे. ते ठरले की दुरुस्तीला सहसा पाच-दहा मिनिटे पुरतात. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

## पूर्वतयारी

चाचणीसाठी साधारण १ मेगाबाइटची एक आणि ५० ते १०० मेगाबाइटच्या दोन-तीन फाइल बाजूला काढून ठेवाव्यात. मोठ्या फाइल व्हिडिओ किंवा झिप स्वरूपाच्या असाव्यात, कारण साधा मजकूर वाटेत दाबून लहान केला जाऊ शकतो आणि मग मोजलेला वेग खोटा निघतो. प्रत्येक वेळी वेगळी फाइल वापरावी. काही साठवणसेवा आधी आलेली फाइल ओळखतात आणि तीच पुन्हा दिली की प्रत्यक्षात काहीही न पाठवता क्षणार्धात ‘पूर्ण झाले’ असे दाखवतात. अशा चाचणीवर विसंबून पुढे गेल्यास सगळाच तपास भरकटतो.

एक लॅन केबल मिळवावी. लॅपटॉपला केबलची खाच नसेल, तर यूएसबीला लागणारा लॅन अडॅप्टर उसना आणला तरी चालेल, पण ही पायरी टाळू नये. शक्य असल्यास दुसरे एखादे उपकरण आणि दुसरे एखादे इंटरनेट जोडणेही हाताशी ठेवावे.

लॅपटॉप चार्जरवर लावावा आणि स्लीप बंद करावी. फोनवरून पाठवत असल्यास बॅटरी बचतीचा पर्याय काढावा आणि स्क्रीन चालू ठेवावी, कारण अॅप मागे गेले किंवा फोन कुलूपबंद झाला की यंत्रणा त्या अॅपचे नेटवर्क आखडते किंवा तोडते. ‘अपलोड आपोआप बंद पडते’ या तक्रारीतली कितीतरी प्रकरणे इथेच मिटतात.

त्याच जोडण्यावरच्या इतर उपकरणांकडेही पाहावे. फोनमधले फोटोंचे बॅकअप, संगणकावरची क्लाउड सिंक आणि चित्रण क्लाउडवर पाठवणारे कॅमेरे ही मंडळी मुकाट्याने अपलोडचा वाटा खात असतात. तपासापुरते ते सारे थांबवावे. एवढ्यानेच फाइल सुरळीत गेली, तर उत्तर मिळाले. पुढे जाण्याचे कारण नाही.

शेवटी एक वही. प्रत्येक प्रयत्नाची वेळ, फाइलचा आकार, किती टक्क्यांवर किंवा किती मेगाबाइटवर थांबली, सुरुवातीपासून किती सेकंद झाले होते आणि पडद्यावर कोणते शब्द किंवा आकडे उमटले, हे जसेच्या तसे उतरवावे. ‘एरर आला’ ही नोंद निरुपयोगी आहे.

## टप्पा १: अपलोड खरोखरच मंद आहे का, याचा हिशोब

इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगितला जातो आणि फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो. एवढे लक्षात घेतले की अर्धे गैरसमज दूर होतात. १.५ गिगाबाइटचा व्हिडिओ म्हणजे सुमारे १२,००० मेगाबिट. अपलोडचा वेग सेकंदाला ४ मेगाबिट असेल, तर त्याला ३,००० सेकंद, म्हणजे ५० मिनिटे लागणारच. पॅकेटवरचा (फाइल ज्या छोट्या तुकड्यांत पाठवली जाते त्यांवरचा) वरखर्च आणि अधूनमधून होणारी पुनर्पाठवणी धरून तास लागला, तरी ते जोडणे निरोगी आहे.

पुष्कळ घरगुती जोडण्यांत डाउनलोडच्या मानाने अपलोडचा वेग फारच कमी ठेवलेला असतो आणि जाहिरातीत ठळकपणे छापलेला आकडा डाउनलोडचा असतो. म्हणून वेग मोजताना अपलोडचा आकडा वेगळा टिपावा आणि तो आपल्या योजनेत कबूल केलेल्या अपलोडच्या आकड्याशीच ताडून पाहावा. महिन्याचा ठरलेला डेटा संपल्यावर वेग उतरवणाऱ्या योजना असतात, तेव्हा तेही एकदा पाहून घ्यावे.

सावधान: वेग मोजणारी संकेतस्थळे बहुधा जवळच्या सर्व्हरकडे एकाच वेळी अनेक जोडण्या उघडतात, तर ब्राउझरमधून जाणारी फाइल बहुतेक वेळा एकाच जोडणीवरून आणि कदाचित फार दूरच्या सर्व्हरकडे जाते. त्यामुळे चाचणीत २० मेगाबिट आणि प्रत्यक्षात १२, हा फरक संशयास्पद नाही. चाचणीत २० आणि प्रत्यक्षात १ असेल, तर मात्र पुढे वाचावे.

## टप्पा २: अपलोड तुटण्याची तऱ्हा ओळखणे

तीच चाचणी तीन-चार वेळा करून वहीतल्या नोंदी शेजारी शेजारी ठेवाव्यात. समजा, एकदा फाइल ३८ टक्क्यांवर थांबली, मग ६१ वर, मग १२ वर. अशी विस्कळीत तुटातूट जोडणे मध्येच जात असल्याचे सांगते. संशय हवेतल्या मार्गावर किंवा लाइनवर घ्यावा.

प्रत्येक वेळी टक्के वेगळे, पण सेकंद तेच (उदाहरणार्थ, दर वेळी बरोबर ६० किंवा ३०० सेकंदांनी) असे दिसले, तर मधल्या किंवा समोरच्या एखाद्या यंत्राची कालमर्यादा संपते आहे. तिथे राउटरशी झटापट करून काही हाती लागत नाही. एक तर वेग वाढवावा लागतो, नाहीतर फाइलचे तुकडे करावे लागतात.

ठरावीक आकारापर्यंतच्या फाइल जातात आणि त्याहून मोठी एकही जात नाही, तेव्हा बहुधा समोरच्या सर्व्हरने आकाराची मर्यादा घातलेली असते. त्यासाठी थेट टप्पा ९ गाठावा. मात्र काहीशे बाइटांचा मजकूर जातो, संकेतस्थळही उघडते, पण छोटेसे चित्रसुद्धा शून्य टक्क्यावरच अडकून राहते, हे लक्षण वेगळे आहे आणि त्याचे उत्तर टप्पा ७ मध्ये आहे.

राहता राहिले १०० टक्क्यांवर जाऊन गोठणे. प्रगतीची पट्टी पुष्कळदा फाइल आपल्या उपकरणातून बाहेर दिली गेली एवढेच सांगते. ती सर्व्हरवर पोहोचून नोंदली गेली असे नव्हे. मधे अँटीव्हायरस किंवा कार्यालयाचा प्रॉक्सी (आपल्या वतीने पुढे पाठवणारा मधला सर्व्हर) बसलेला असेल, तर पट्टी भरभर भरते आणि खरी पाठवणी त्यानंतर चालू राहते. व्हिडिओ घेणारी संकेतस्थळे फाइल आल्यावर तिच्यावर प्रक्रिया करतात आणि तिला वेळ लागतो. तेव्हा १०० टक्के दिसल्यावर लगेच खिडकी बंद करू नये.

## टप्पा ३: केबल लावून हवेतला मार्ग बाजूला काढणे

या लेखातली एकच गोष्ट करायची असेल, तर ही करावी. लॅपटॉप केबलने राउटरला जोडावा, त्याचे वायफाय पूर्ण बंद करावे आणि त्याच आकाराची फाइल त्याच संकेतस्थळावर पाठवावी. वायफाय बंद केल्याखेरीज केली जाणारी ही चाचणी फसवी ठरू शकते, कारण फाइल नेमकी कोणत्या वाटेने गेली याची खात्री राहत नाही.

केबलवरून फाइल सुरळीत गेली, तर दोष हवेत आहे: टप्पा ४ घ्यावा. केबलवरूनही तशीच रखडली, तर वायफायचा विचार डोक्यातून काढून टाकावा आणि टप्पा ६ कडे जावे. केबलवर थोडीशीच सुधारणा दिसली, तर बहुधा दोन दोष एकत्र नांदत आहेत. आधी केबलवरचा निस्तरावा, मग हवेतला.

केबल लावणे अगदीच अशक्य असेल, तर राउटरच्या दोन-तीन मीटर अंतरावर, मधे भिंत किंवा कपाट येणार नाही अशा बेताने बसून चाचणी करावी. ही केबलची बरोबरी करत नाही, पण काहीच न करण्यापेक्षा बरी.

पडताळणी: याच वेळी दुसऱ्या एखाद्या सेवेवरही एक फाइल पाठवून पाहावी. एका संकेतस्थळावर अडते आणि दुसऱ्यावर जाते, असे झाले तर आपले जोडणे निर्दोष मानून टप्पा ८ आणि ९ घ्यावेत.

## टप्पा ४: हवेतला मार्ग

सिग्नलच्या कांड्या पूर्ण दिसत असताना अपलोड का मरतुकडे, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्या कांड्या राउटरचा आवाज आपल्या उपकरणाला किती स्पष्ट ऐकू येतो ते सांगतात. अपलोडमध्ये मात्र बोलायचे असते आपल्या उपकरणाने आणि ऐकायचे असते राउटरने. फोन किंवा लॅपटॉपची प्रसारणशक्ती राउटरपेक्षा सहसा कमी असते, कारण त्याला बॅटरी जपायची असते आणि त्याचे अँटेनाही लहान असतात. त्यामुळे लांबच्या खोलीत डाउनलोड चांगले चालते आणि अपलोड मात्र धापा टाकते. राउटरची प्रसारणशक्ती वाढवून हा दोष जात नाही. उलट कांड्या अधिक दिसू लागतात आणि माणूस अधिक गोंधळतो.

म्हणून कांड्यांवर न जाता आकडे पाहावेत. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत दिली, की इतर माहितीबरोबर रिसीव्ह रेट आणि ट्रान्समिट रेट असे दोन वेगळे आकडे दिसतात. मॅकवर ऑप्शन कळ दाबून धरून वायफायच्या चिन्हावर क्लिक केल्यास आरएसएसआय (उपकरणाला मिळणाऱ्या सिग्नलची ताकद) आणि टीएक्स रेट, म्हणजे ट्रान्समिट रेट, दिसतो. आपल्याला हवा आहे तो ट्रान्समिट किंवा टीएक्सचा आकडा. प्रत्यक्ष वेग त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळाला तरी समाधान मानावे. हा आकडा रिसीव्हच्या मानाने फारच खाली असेल किंवा सारखा वरखाली होत असेल, तर उपकरणाचा आवाज राउटरपर्यंत नीट पोहोचत नाही. आरएसएसआय उणे आकड्यात असतो: उणे ६० किंवा त्याहून वर उत्तम, उणे ६७ पर्यंत कामचलाऊ, आणि उणे ७५ च्या खाली गेल्यावर मोठ्या अपलोडची आशा धरू नये.

आता दुरुस्त्या, एकेक करून, प्रत्येकीनंतर चाचणी घेत.

४.१ जागा. राउटर जमिनीवर, टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटात असेल, तर तो उंचावर आणि मोकळ्यावर आणावा. उपकरण एक-दोन मीटर सरकवूनही मोठा फरक पडतो.

४.२ बँड. २.४ गिगाहर्ट्झचा बँड दूरवर पोहोचतो, पण शेजारपाजारच्या राउटरांनी, ब्लूटूथने आणि मायक्रोवेव्ह ओव्हनने तो गजबजलेला असतो. ५ गिगाहर्ट्झ मोकळा आणि वेगवान असतो, पण भिंतींपुढे लवकर हात टेकतो. राउटर दोन्ही बँड एकाच नावाने देत असेल, तर तपासापुरती दोन वेगळी नावे द्यावीत. नाहीतर उपकरण कोणत्या बँडवर आहे याचा पत्ता लागत नाही आणि ते मधेच बँड बदलते तेव्हा चालू अपलोडला झटका बसतो.

४.३ चॅनल. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारी चॅनले १, ६ आणि ११ ही तीनच. ‘३ मोकळे दिसते’ म्हणून ३ निवडणारा १ आणि ६ या दोहोंचा त्रास ओढवून घेतो. चॅनलची रुंदी इथे २० मेगाहर्ट्झच ठेवावी. ५ गिगाहर्ट्झवरची काही चॅनले रडारबरोबर वाटून घेतलेली असतात. रडारची चाहूल लागली की राउटरला ते चॅनल सोडावेच लागते आणि नव्यावर जाण्याआधी निदान मिनिटभर कानोसा घ्यावा लागू शकतो. दिवसातून एकदोनदा, विनाकारण, सगळ्याच उपकरणांचे ५ गिगाहर्ट्झ एकदम गेले, तर राउटरला ३६ ते ४८ मधल्या एखाद्या चॅनलवर कायम बसवून पाहावे.

४.४ शेजारची यूएसबी डिस्क. हे कारण फार थोड्यांच्या ध्यानात येते. यूएसबी ३ ची उपकरणे आणि त्यांच्या वायरी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट निर्माण करतात. ज्या बाहेरच्या डिस्कवरून आपण फाइल पाठवत असतो, तीच लॅपटॉपला बिलगून असल्याने त्याच लॅपटॉपचे वायफाय बिघडवते. फाइल आधी आतल्या डिस्कवर उतरवावी, बाहेरची डिस्क काढावी आणि मग अपलोड सुरू करावे. तसे जमत नसेल, तर डिस्क लांब वायरीने दूर ठेवावी किंवा ५ गिगाहर्ट्झवर जावे.

४.५ रिपीटर. एकाच रेडिओवर चालणारा रिपीटर (वायफाय लांबवर पोहोचवणारे मधले यंत्र) प्रत्येक पॅकेट एकदा ऐकतो आणि पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. राउटरपर्यंत थेट पोहोचता येत असेल, तर तपासात तरी रिपीटर बंद ठेवावा.

पडताळणी: आता राउटरलाच पिंग करावी, म्हणजे छोटे पॅकेट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजावे. विंडोजमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ दिल्यावर डिफॉल्ट गेटवे म्हणून जो पत्ता दिसतो, तोच राउटरचा. विंडोजची पिंग चारदा जाऊन थांबते; ती चालू ठेवण्यासाठी शेवटी उणे चिन्ह आणि टी हे इंग्रजी अक्षर जोडावे. निरोगी वायफायवर ३, ५, ४, ६ अशा मिलिसेकंदांच्या ओळी संथपणे उतरत राहतात. मधेच २४०, मग ९००, मग ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, आणि पुन्हा ५, असे दिसले तर हवेतला मार्ग अजून दुरुस्त झालेला नाही. ही पिंग अजून इंटरनेटवर गेलेलीच नाही, हे ध्यानात ठेवावे. तेव्हा इथल्या गळतीसाठी इंटरनेट कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही.

## टप्पा ५: मोबाइल डेटा किंवा हॉटस्पॉट वापरत असल्यास

टॉवर आणि फोन यांच्यातली विषमता वायफायपेक्षाही मोठी आहे. साधा ४जी फोन जास्तीत जास्त सुमारे २०० मिलिवॅट शक्तीने बोलतो, तर टॉवरची शक्ती त्याच्या कितीतरी पट असते. फोन खिडकीपाशी ठेवावा, हॉटस्पॉटसाठी तो खिशात किंवा पिशवीत ठेवू नये, आणि शक्य असल्यास यूएसबी वायरीने लॅपटॉपला जोडून हॉटस्पॉटचा वायफाय टप्पा वगळावा.

सावधान: फोन वायफायवरून मोबाइल डेटावर किंवा उलट गेला की त्याचा आयपी पत्ता बदलतो आणि चालू जोडणी तुटते. ‘वायफाय कमकुवत झाल्यास मोबाइल डेटा वापरा’ अशा अर्थाचा पर्याय मोठ्या अपलोडच्या वेळी बंद ठेवावा. कित्येक अॅपमध्ये ‘फक्त वायफायवर अपलोड’ हा पर्यायही असतो. तो चालू असेल, तर मोबाइल डेटावर फाइल जागची हलणार नाही आणि तो दोषही नव्हे.

## टप्पा ६: राउटरच्या तोंडाशी साचणारी रांग

अपलोड सुरू झाले की घरातली सगळी संकेतस्थळे उघडेनाशी होतात, व्हिडिओ कॉल तुटतो आणि अखेर अपलोडही दम तोडते. असे होते तेव्हा बहुधा लाइन संथ असते आणि राउटर किंवा मोडेम पॅकेटांची लांबलचक रांग साठवून ठेवतो. डाउनलोडची पोच देणारी छोटी पॅकेटेही त्याच रांगेत मागे उभी राहतात, म्हणून डाउनलोडही मंदावते.

ते सिद्ध करण्यासाठी दोन खिडक्यांत दोन पिंग चालू कराव्यात: एक राउटरला, दुसरी बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८ ला. मग मोठी फाइल सोडावी. राउटरची पिंग जागेवर राहिली आणि बाहेरची २० वरून ८०० मिलिसेकंदांवर चढली, तर रांग लाइनच्या तोंडाशी आहे. दोन्ही एकदम चढल्या, तर अडथळा अजून हवेतच आहे आणि टप्पा ४ मध्ये काहीतरी राहून गेले आहे.

अपलोड करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये वेगमर्यादा घालता येत असेल, तर ती मोजलेल्या अपलोड वेगाच्या ८० ते ८५ टक्क्यांवर ठेवावी. वेग कमी करून काम लवकर होईल हे पटायला जड जाते, पण न तुटता ८५ टक्के वेगाने गेलेली फाइल तीनदा तुटून नव्याने सुरू झालेल्या फाइलच्या आधी पोहोचते. राउटरमध्ये रांग आवरणारी एसक्यूएम, एफक्यू-कोडेल किंवा केक अशा नावाची सोय असेल, तर तिथे हीच मर्यादा घरातल्या सगळ्या उपकरणांसाठी एकदाच घालता येते. राउटरमधली साधी ‘क्यूओएस’ची (कोणाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी) कळ नुसती चालू करून, वेगाचे आकडे न भरता सोडून देण्याचा विशेष उपयोग होत नाही.

केबलवरही बाहेरची पिंग अपलोड नसताना गळत असेल, तर मात्र ती लाइनचीच तक्रार आहे. कंपनीला कळवताना केबलवर घेतलेल्या नोंदी, वेळा आणि राउटरची पिंग स्वच्छ असल्याचा पुरावा द्यावा; त्याशिवाय ‘वायफाय बंद-चालू करून पाहा’ यापलीकडे संभाषण जात नाही.

## टप्पा ७: पॅकेटचा आकार

टप्पा २ मध्ये पाहिलेले शून्य टक्क्यावर अडकण्याचे लक्षण असेल तरच हा टप्पा घ्यावा. साध्या लाइनवर एका पॅकेटची कमाल मर्यादा १५०० बाइट असते, पीपीपीओई लाइनवर (जिथे राउटरमध्ये वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड भरून जोडणे होते) १४९२, आणि व्हीपीएनमध्ये त्याहून कमी. मर्यादेपेक्षा मोठे पॅकेट आल्याची सूचना उलट दिशेने यायला हवी. वाटेतल्या एखाद्या फायरवॉलने ती गिळली, तर आपले उपकरण तीच मोठी पॅकेटे पुन्हा पुन्हा पाठवत बसते आणि छोटी तेवढी पार होतात.

चाचणीसाठी पिंगला ‘पॅकेट तोडू नये’ हा पर्याय आणि १४७२ बाइटांचा आकार द्यावा. त्यात शीर्षकांचे २८ बाइट मिळवले की १५०० होतात. उत्तर आले नाही, तर १४६४ वर यावे, मग दहा-दहाने खाली. ज्या सर्वांत मोठ्या आकाराला उत्तर येते, त्यात २८ मिळवून येणारी संख्या राउटरच्या इंटरनेट जोडणीच्या पानावर एमटीयू (पॅकेटची कमाल मर्यादा) म्हणून भरावी. व्हीपीएन चालू असतानाच दोष येत असेल, तर आधी व्हीपीएनमधला एमटीयू कमी करावा, राउटरला हात लावू नये.

## टप्पा ८: उपकरण आणि फाइल

अँटीव्हायरसची वेब तपासणी आणि व्हीपीएन एकेक करून, चाचणीपुरते थांबवावे आणि नंतर न विसरता पुन्हा चालू करावे. ब्राउझरच्या खासगी खिडकीतून पाठवून पाहिल्यास बहुतेक एक्स्टेन्शन आपोआप बाजूला होतात. घड्याळ आणि तारीख तपासावी. ती चुकली असेल, तर सुरक्षित जोडणी होतच नाही. फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी असेल, तर ती बंद करावी.

फाइलच्या नावाकडे देवनागरीत लिहिणाऱ्यांनी अधिक लक्ष द्यावे. पुष्कळ फाइलयंत्रणांत नावाची मर्यादा २५५ बाइटांची असते, आणि अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘सविस्तर’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, पण वेलांटी आणि हलन्त धरून ती सात चिन्हे होतात, म्हणजे २१ बाइट. अशा हिशोबाने ८५ चिन्हांतच मर्यादा संपते. ‘वार्षिक सर्वसाधारण सभेचा सविस्तर वृत्तांत अंतिम सुधारित’ अशा थाटाची, पण याहूनही लांब नावे आपल्या संगणकावर मावली, तरी सर्व्हर त्यांच्यापुढे तारीख आणि क्रमांक जोडतो तेव्हा मर्यादा ओलांडू शकतात आणि कारण न सांगता नाकारली जाऊ शकतात. शंका आली की फाइलची प्रत करून तिला इंग्रजी अक्षरांतले छोटे नाव द्यावे. नावात प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम, तारांकन किंवा तिरकी रेघ असल्यास तीही काढावी.

## टप्पा ९: समोरचा सर्व्हर

ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून ‘नेटवर्क’ हा भाग उघडावा आणि मग अपलोड करावे. अयशस्वी झालेल्या ओळीवरचा तीन अंकी आकडा नेमके कारण सांगतो. ४१३ म्हणजे फाइल मर्यादेपेक्षा मोठी. ४०१ किंवा ४०३ म्हणजे लॉगिन संपले किंवा परवानगी नाही. ४०८ आणि ५०४ म्हणजे वेळ संपली. ५०७ म्हणजे सर्व्हरवर जागा उरली नाही. आकडाच नसेल आणि जोडणी तुटल्याचा संदेश असेल, तर मागच्या टप्प्यांकडे परत जावे.

स्वतःचे संकेतस्थळ चालवणाऱ्यांना ४१३ फार भेटतो. एनजिनएक्स या सर्व्हर प्रोग्रॅमची मूळ मर्यादा १ मेगाबाइट आहे आणि पीएचपी या संकेतस्थळांच्या भाषेची एका फाइलसाठी २ मेगाबाइट, तर पूर्ण फॉर्मसाठी ८. तिन्ही वाढवाव्या लागतात. एकच वाढवून ‘काही फरक पडत नाही’ असे ठरवणे ही नेहमीची चूक आहे. ईमेलला जोडलेली फाइल मजकुराच्या रूपात बदलताना सुमारे एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे मर्यादेच्या अलीकडे असलेली फाइलही परत येऊ शकते.

## टप्पा १०: मोठी फाइल पाठवणे आणि पोहोचल्याची खात्री करणे

दोष निघाल्यावरही वायरलेस जोडणे क्षणभर तुटणार, हे गृहीत धरूनच मोठी फाइल पाठवावी. ब्राउझरमधल्या साध्या फॉर्मपेक्षा सेवेचा स्वतःचा प्रोग्रॅम बरा, कारण तो बहुधा तुकड्यातुकड्यांनी पाठवतो आणि तुटले तिथून पुढे चालू करतो. तशी सोय नसेल, तर सेव्हन-झिप या प्रोग्रॅमने फाइलचे २०० किंवा ५०० मेगाबाइटचे भाग पाडावेत. उलट, हजारो लहान फाइल असतील तर त्यांचा एकच झिप करावा. प्रत्येक फाइलमागे सर्व्हरशी होणारी देवाणघेवाण वाचते आणि वेळ लक्षणीय घटतो. व्हिडिओ आणि फोटो मुळातच दाबलेले असतात, त्यामुळे झिप करून त्यांचा आकार घटेल अशी अपेक्षा ठेवू नये.

अपलोड संपल्यावर सर्व्हरवरचा आकार बाइटांमध्ये मूळ फाइलशी जुळवावा. फाइल महत्त्वाची असेल, तर एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या आशयावरून निघणारा, तिच्या ठशासारखा आकडा) काढून तोही जुळवावा. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ या आज्ञेने तो मिळतो. समोरची सेवा हॅश दाखवत नसेल, तर फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये परत उतरवून घ्यावी आणि दोन्ही प्रतींचे हॅश ताडून पाहावेत. तुकडे पाठवले असतील, तर ते जोडून झाल्यावर हॅश काढावा. न जुळल्यास सगळी फाइल पुन्हा पाठवण्याआधी प्रत्येक तुकड्याचा हॅश वेगळा पाहावा, म्हणजे बिघडलेला तेवढाच तुकडा पाठवून भागते. हॅश जुळेपर्यंत मूळ फाइल पुसू नये.